न झालेली उलटतपासणी

माझ्या मावशीला अलाबामातल्या आमच्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, दोन नावं होती. काळ्यांच्या तोंडी ती मिसेस क्रेन्शॉ आणि गोऱ्यांच्या तोंडी नोबी. खरं नाव झेनोबिया. वय एकसष्ट, नवरा लाकडाच्या गिरणीत करवतीखाली गेलेला, चर्चमधला पहिला बाक तिचा. काउंटीची परवानाधारक सुईण. हातून हजारावर बाळंतपणं झालेली. तरी टपालवाल्याचा मिसरूड न फुटलेला पोरगा रस्त्यावरूनच ओरडायचा, "ए नोबी, तुझं पत्र आलंय!" आणि मावशी एप्रनला हात पुसत बाहेर जायची, म्हणायची, "आले, साहेब."

हे आम्हाला रोज खुपायचं असं आता कोणी सांगत असेल, तर ते नंतर सुचलेलं शहाणपण आहे. अलाबामात ऊन जसं असतं तसं ते होतं. मावशीनं गोऱ्यांच्या घरातली बाळंतपणंही केली होती. त्यांचा पोरगा लहानपणी तिच्या तोंडी लाडाच्या नावानं नुसता बडी असायचा. बारा-तेरा वर्षांचा झाला की एखाद्या उन्हाळ्यात तो मिस्टर बडी व्हायचा. कोणी दवंडी पिटायचं नाही, पण सगळ्यांना कळायचं. त्याची नाळ जिनं कापली, ती मात्र नोबीच राहायची.

मी एल्मोर, तिच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. आई लवकर गेली, मावशीच्या हातचं खाऊन वाढलो. काळ्यांच्या अंत्यसंस्काराचं जे दुकान होतं, त्याची मयताची गाडी मी चालवायचो. गोऱ्यांना माझी नोकरी घालवता येत नव्हती, कारण आमचं गिऱ्हाईक काळं असायचं आणि वर मेलेलं असायचं. एवढं असूनही माझ्याइतका भित्रा माणूस चार गावांत सापडला नसता. मी हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मला कोणी शूर समजायला नको.

एकोणीसशे चौसष्टच्या एप्रिलमधली गोष्ट. गावाबाहेरच्या पशुखाद्याच्या दुकानात संध्याकाळी पावणेसहाला कोणीतरी शिरलं, राखणदाराच्या डोक्यात काहीतरी घातलं आणि गल्ल्याची पेटी घेऊन पळालं. राखणदार म्हणाला, उंच होता, काळा होता, डोक्यावर टोपी होती. असे उंच, काळे, टोपीवाले आमच्याकडे दोनशे तरी निघाले असते. शेरीफनं उचललं लेम्युएल मोझलीला. लेम्युएल गिरणीत फळ्या रचायचा, वय सव्वीस. त्याचा गुन्हा एकच होता, आणि तो पेटीचा नव्हता. महिन्याभरापूर्वी तो कोर्टाच्या कचेरीत जाऊन मतदार नोंदणीचा अर्ज मागून आला होता.

आमच्या राज्यात दरोड्याला विजेची खुर्चीसुद्धा होती. म्हणजे काळ्याला होती.

आता लेम्युएल त्या वेळी कुठे होता? चार मैलांवर, स्वतःच्या स्वयंपाकघरात, चुलीवर पाणी उकळत. कारण आतल्या खोलीत त्याची बायको एस्टेल पहिलटकरीण अडली होती, आणि माझी मावशी दुपारी तीनपासून अंधार पडेपर्यंत तिथेच होती. मूल झालं तेव्हा मावशीनं नेहमीप्रमाणे काउंटीच्या छापील कागदावर वेळ लिहिली: पाच वाजून चाळीस मिनिटं. त्या कागदावर आणि मावशीच्या जिभेवर लेम्युएलचा जीव टांगलेला होता. शेजारपाजारचं दुसरं कोणी तिथे नव्हतं, आणि बायकोची साक्ष कोण धरतो?

आमच्याच राज्यातल्या बर्मिंगहॅमहून त्याच्यासाठी एक वकील आला. मिस्टर बॉयकिन. काळा, तिशीचा, काटकुळा, चष्मा सारखा नाकावरून घसरणारा. खटल्याच्या आदल्या आठवड्यात तो मावशीच्या पुढच्या खोलीत बसून, रताळ्याचं गोड सारण भरून भाजलेली 'पाय' खात होता. दुसरा तुकडा घेता घेता म्हणाला, "मिसेस क्रेन्शॉ, तो सरकारी वकील डनवे तुम्हाला नोबी म्हणणार."

"म्हणेल की. त्याची आईही म्हणायची."

"पण तुम्ही उत्तर द्यायला बांधील नाही. मार्चमध्येच सुप्रीम कोर्टाचा निकाल आलाय. आपल्याच राज्यातलं प्रकरण. गॅड्सडेनच्या कोर्टात एका काळ्या बाईला सरकारी वकील नुसत्या नावानं हाका मारत होता. ती म्हणाली, गोऱ्या बाईला बोलावता तसं मला नीट बोलवा, तोवर मी उत्तर देणार नाही. न्यायाधीशानं बेअदबी म्हणून तिला पाच दिवसांचा तुरुंग दिला, वर दंड. सुप्रीम कोर्टानं ते सगळं रद्द केलं."

मावशीनं हातातला चमचा खाली ठेवला. "ती तुरुंगात गेली?"

"गेली."

"आणि निकाल कधी लागला?"

"नऊ महिन्यांनी."

"मग बरोबर आहे," मावशी म्हणाली. "तेवढे लागतातच."

बॉयकिन हसला. मला काही हसू आलं नाही. काळ्यांना ज्यूरीतून वगळता येणार नाही, असाही एक निकाल तीस वर्षांपूर्वी लागला होता. तो आमच्या काउंटीत पोचायचा अजून बाकी होता. वॉशिंग्टनहून निघालेला कागद वाटेत कुठे कुठे थांबतो, ते मला ठाऊक होतं.

तेवढ्यात एस्टेल आली. दोन महिन्यांची पोर खांद्याला, डोळे रडून सुजलेले. तिनं दाराआडून ऐकलं असावं, कारण ती बसलीसुद्धा नाही.

"काकू, तुम्हाला हात जोडते. तो नोबी म्हणू दे, नाहीतर आणखी काही म्हणू दे. उत्तर द्या आणि घरी या. तुमच्या मानापायी माझा माणूस जायला नको."

"अगं, मी कुठे काय म्हटलंय?"

"या वकीलसाहेबांचं काय जातंय? ते बर्मिंगहॅमला जातील परत!"

बॉयकिननं चष्मा वर ढकलला. मावशीनं पोर आपल्याकडे घेतली, तिच्या पाठीवरून हात फिरवला. "पोरी, मी उत्तर देईन. तो कशीही हाक मारू दे. तुला शब्द देते."

हा शब्द तिनं माझ्यासमोर दिला, म्हणून सांगतो.

त्यानंतर एकेक पाहुणे यायला लागले. आधी काउंटीची नर्स आली. ती महिन्याच्या पहिल्या सोमवारी सुईणींच्या पिशव्या तपासायची. ही आली बुधवारी. मावशीची काळी पिशवी तिनं ओसरीवर उपडी केली. उकळून इस्त्री केलेले पांढरे एप्रन, कात्री, नाळ बांधायची फीत, बाळाच्या डोळ्यांत घालायचं औषध, सगळं फळ्यांवर. एप्रनवर तिच्या बुटाचा ठसा उमटला. "नोबी, तुझा परवाना ऑगस्टमध्ये संपतो ना?" तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता निघून गेली.

मग तो हिरवट ट्रक. तीन दिवस, दुपारी चारच्या सुमारास, मावशीच्या घरासमोर रस्त्यापलीकडे येऊन उभा राहायचा. इंजिन चालूच. आत दोन गोरे, भुईमुगाच्या शेंगा खात, टरफलं खिडकीतून टाकत. ते शिवी द्यायचे नाहीत, दगड मारायचे नाहीत. मारला असता तर बरं वाटलं असतं. मी पडद्याआडून बघत राहायचो आणि मावशी तोच एक एप्रन चार-चार वेळा इस्त्री करायची.

"मावशी, चल, तुला राज्याबाहेर चॅटानूगाला सोडतो. तिथून क्लीव्हलंडची गाडी पकड. तुझी नणंद आहे तिथे."

"आणि लेम्युएल?"

"त्याचा देव आहे."

"देवानं त्या दिवशी पाणी उकळलं नव्हतं, एल्मोर. त्यानं उकळलं होतं. आणि ते बघितलं मी." असं ठणकावून म्हणाली खरी, पण इस्त्री उचलायची विसरली आणि एप्रनचा कोपरा जळला.

खटल्याच्या दिवशी मी तिला मयताच्या गाडीतूनच नेलं. ती गाडी सहसा कोणी अडवत नाही. मेलेल्याची भीती गोऱ्यालाही असतेच. मावशी माझ्या शेजारी टोपी घालून ताठ बसली होती. अर्धा रस्ता झाला तेव्हा एकदम म्हणाली, "एल्मोर, ते मोझलींचं घड्याळ धड नाही."

"कुठलं घड्याळ?"

"स्वयंपाकघरातलं. मी वेळ त्यातच बघितली. ते कधी वीस मिनिटं मागे, कधी अर्धा तास पुढे. लेम्युएलच्या बापाच्या वेळेपासून तसंच आहे. लेम्युएल तीनपासून माझ्या डोळ्यांसमोर होता, यात तीळभर खोट नाही. पण पाच चाळीस ही वेळ त्या घड्याळाची आहे."

मी गाडी जवळजवळ खड्ड्यात घातली. "हे बॉयकिनला सांगितलंस?"

"त्यानं विचारलं नाही."

"मावशी, कोणी विचारलं तर?"

"शपथेवर विचारलं तर सांगावं लागेल."

ज्यूरीतल्या बारा गोऱ्यांना असलं घड्याळ सापडलं असतं, तर त्यांनी त्याच काट्यांवर लेम्युएलला टांगलं असतं. पुढे गाडी कशी नेली ते मला माहीत नाही.

कोर्टात आम्हाला वरचा सज्जा. जूनचा उकाडा. सज्जात दीडशे माणसं आमच्याच दुकानाच्या नावाचे पुठ्ठ्याचे पंखे हलवत बसलेली. एकीकडे देवाचं चित्र, दुसरीकडे आमच्या धंद्याचा पत्ता. खाली बारा गोरे पुरुष. बायकांना आमच्या राज्यात ज्यूरीत बसायला कायद्यानंच बंदी होती, आणि काळ्यांना परवानगी फक्त कागदावर होती. लेम्युएल टेबलाशी बसला होता, मान खाली. त्याच्या मानेचं हाड वरून दिसत होतं.

मावशीनं शपथ घेतली. बॉयकिननं तिला मिसेस क्रेन्शॉ म्हणत एकेक प्रश्न विचारला, आणि तिनं सुरेख उत्तरं दिली. लेम्युएल कुठे होता? स्वयंपाकघरात. तीनपासून? तीनपासून. एकदाही बाहेर गेला नाही? "एकदाच आत आला, साहेब. बाळाचं डोकं दिसलं आणि हा धाडकन आडवा झाला. मला दोघांकडे बघावं लागलं." सज्जात खसखस पिकली. न्यायाधीशानं हातोडी आपटली आणि पंखे एकदम थांबले.

मग डनवे उठला. हॅस्केल डनवे, पांढरा सूट, चाळिशीचा. अंगठे पट्ट्यात खोचून तो साक्षीदाराच्या पिंजऱ्यापाशी रमतगमत गेला, ज्यूरीकडे बघून हसला आणि पहिलाच प्रश्न त्यानं असा टाकला:

"काय गं नोबी, पाच चाळीस लिहिलंस ना तू? कुठल्या घड्याळात बघून?"

त्याला काही ठाऊक नव्हतं. सहज म्हणून विचारलं, सुरुवात म्हणून. पण सज्जात मोझलींच्या नात्यातली सगळी माणसं बसली होती, आणि त्या घड्याळाखाली बसून त्या सगळ्यांनी जेवण केलेलं होतं. एस्टेलनं माझा दंड इतका घट्ट धरला, की तिची नखं रुतली.

मावशी गप्प.

"नोबी, ऐकू येत नाही का? कुठल्या घड्याळात?"

मावशी त्याच्याकडे बघत राहिली. ओठ किंचित उघडले आणि पुन्हा मिटले.

"नोबी!"

न्यायाधीश पुढे वाकला. म्हातारा, लाल मानेचा, त्याच खुर्चीत एकवीस वर्षं काढलेला. "नोबी, वकीलसाहेबांनी प्रश्न विचारलाय. उत्तर दे, नाहीतर तुला इथून सरळ तुरुंगात पाठवीन. कळलं?"

मावशी ताठ बसलेली, हात मांडीवर, आणि तोंडातून चकार शब्द नाही. एस्टेल माझ्या कानाशी हुंदके देत म्हणाली, "शब्द दिला होता हो! मला शब्द दिला होता!" मी देवाचं नाव घ्यायला गेलो, तर तेही आठवेना.

तेव्हा बॉयकिन उठला. त्याचा आवाज चिरकत होता. "जजसाहेब, साक्षीदार बाई आपला हक्क बजावताहेत. सरकारी वकिलांनी त्यांना मिसेस क्रेन्शॉ म्हणावं, मग त्या उत्तर देतील. मार्चमधला सुप्रीम कोर्टाचा निकाल माझ्याकडे आहे." आणि खिशातून चार घड्या घातलेला कागद काढून त्यानं वर दिला.

न्यायाधीशानं तो वाचला. पहिल्यांदा चष्मा लावून, मग चष्मा काढून. त्याला तो कागद फाडून टाकायचा होता, हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. पण आपल्याच राज्यातल्या एका न्यायाधीशाचं नाक वॉशिंग्टननं नुकतंच कापलं होतं, आणि याला आपलं नाक प्यारं होतं. शेवटी कागद टेबलावर टाकून तो म्हणाला, "मिस्टर डनवे, मी हिला आत टाकू शकत नाही. उत्तर हवं असेल तर त्यात लिहिलंय तसं बोलवा. नको असेल तर खाली बसा."

एकच शब्द. तो म्हटला असता तर मावशीला घड्याळाचं सांगावं लागलं असतं, आणि लेम्युएल संपला असता. डनवेनं ज्यूरीकडे बघितलं. मागच्या बाकांवर त्याचे दोस्त बसले होते, नोव्हेंबरात सरकारी वकिलाच्या जागेसाठी त्याची निवडणूक होती. काळ्या बाईला मिसेस म्हटलं ही बातमी तो घरी पोचायच्या आत न्हाव्याच्या दुकानात पोचली असती. त्याचं तोंड उघडलं, चेहरा मानेपासून कपाळापर्यंत तांबडा झाला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिला.

"मला हिला काही विचारायचं नाही," तो म्हणाला आणि खाली बसला.

त्याच्या हातात दोर आला होता. नुसता ओढायचा होता.

ज्यूरी दोन तास आत होती. त्यांनी लेम्युएलला का सोडलं ते मला आजही माहीत नाही. कोणी म्हणतं, मावशीची साक्ष कोणी खोडलीच नाही हे न्यायाधीशानं त्यांना सांगितलं म्हणून. कोणी म्हणतं, गिरणीवाल्याला फळ्या रचायला माणूस हवा होता म्हणून. सुटल्यावर त्याला एक तासही गावात ठेवायची माझी छाती झाली नाही. मयताच्या गाडीत मागे त्याला आडवा निजवला, वर चादर घातली, एस्टेल पोरीला घेऊन माझ्या शेजारी बसली, आणि दिवसाउजेडी सरळ चॅटानूगा गाठलं. वाटेत दोनदा गोऱ्यांनी आमच्यासाठी टोपी काढली. लेम्युएल आणि एस्टेल परत कधी आले नाहीत.

इकडे मावशीचं नाव दुमदुमलं. पुढच्या रविवारी पाद्रीबाबांनी तिला उभं केलं आणि म्हणाले, हिनं तोंड न उघडता डनवेचं तोंड बंद केलं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि मावशी खाली बघत होती. मला वाटलं, विनयानं.

चर्चमधून परतताना तिनं मला गाडी झाडाखाली थांबवायला सांगितली. "एल्मोर, मी उत्तर देणार होते."

"काय म्हणतेस?"

"मी म्हणणार होते, मोझलींचं घड्याळ, साहेब, ते मागेपुढे चालतं. शब्द जुळवून ठेवले होते. तोंड उघडलं आणि दातखीळ बसली. जीभ टाळूला चिकटली रे. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हाही प्रयत्न केला. तुरुंग म्हणाले तेव्हा तर मला समोरचं दिसेनासंच झालं. नावाचं माझ्या डोक्यातही नव्हतं. बॉयकिन उठून हक्क म्हणाला तेव्हा मी मनात म्हटलं, कोणाचा हक्क?"

मी तिच्याकडे वळलो. ती रडत होती.

"ती गॅड्सडेनची पोरगी खरी. ती बोलली, ती आत गेली. तिनं तोंड उघडलं होतं म्हणून माझं मिटलेलं चाललं. आणि टाळ्या मला."

ऑगस्टमध्ये परवाना संपला. काउंटीनं तो पुन्हा दिला नाही. वय झालं, असं कारण लिहून आलं. तिची पिशवी खिळ्याला टांगलेली राहिली. बायका चोरून बोलवायच्या, तिची जायची हिंमत होत नव्हती. नऊ वर्षं ती अशी जगली. मान सगळीकडे मिळत होता आणि तो तिला चावत होता. शेवटच्या दुखण्यात तिनं माझा हात धरला. "मी गेले की चर्चमध्ये सांग. मी घाबरले होते हे सांग. तिथे घाबरणारे पुष्कळ बसलेले असतात. त्यांना वाटतं, हा कायदा शूरांसाठी आहे. त्यांना सांग."

मी कबूल केलं. तिच्या अंत्ययात्रेला चर्च ओसंडून वाहत होतं. पाद्रीबाबा तिला सिंहीण म्हणाले. मग माझं नाव पुकारलं. खिशात सगळं लिहून आणलं होतं. मी उभा राहिलो, त्या तीनशे चेहऱ्यांकडे बघितलं, आणि म्हणालो, "मावशीच्या हातची रताळ्याची पाय फार छान असायची." आणि बसलो.

आज मी ब्याऐंशी वर्षांचा आहे. ज्या शाळेत आमच्या पोरांना कधी पाय ठेवू दिला नव्हता, तिच्या दारावर आता मावशीचं नाव कोरलंय, आणि खाली लिहिलंय 'निर्भय'. उद्घाटनालाही मला बोलायला बोलावलं होतं. गेलो, कोटाला फूल लावून घेतलं, फोटो काढला, परत आलो. तोंडानं माझ्याच्यानं होणार नाही, म्हणून लिहितोय. मिसेस झेनोबिया क्रेन्शॉ त्या दिवशी इतक्या घाबरल्या होत्या, की त्यांना बोलता आलं नाही. आणि तरीही त्यांना कोणी तुरुंगात टाकू शकलं नाही.